गणपतीला गावी जाण्याआधी: बंद घराचं वायरिंग आणि वायरमन येण्यापूर्वीची तयारी

मे महिन्यात कुलूप लावलेलं कोकणातलं घर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडायचं आणि मेन स्विच वर करून लगेच मखराच्या माळा जोडायच्या, ही आपल्यापैकी बऱ्याच चाकरमान्यांची सवय. आमचीही होती. आता आम्ही श्रावणाच्या सुरुवातीला दोन दिवस काढून फक्त विजेसाठी जातो. त्या दिवसांत वायरमन मोकळा असतो, हे एक कारण. त्याहून मोठं कारण पावसाचं आहे. उन्हाळ्यात भिंती कोरड्या असताना जुनं वायरिंग शहाण्यासारखं वागतं. गळणारं कौल आणि ओल धरलेली भिंत यांनी होणारा बिघाड भर पावसातच दिसतो, म्हणून तपासणी पावसातच करावी.

सोबत चांगली बॅटरी, रबरी तळाच्या कोरड्या चपला, एक वही आणि चालू असल्याची खात्री असलेला एक बल्ब न्या. घरात शिरल्यावर आधी काही चालू करू नका. बोर्डावर बॅटरी मारून बाहेरूनच नीट पाहा. कुंभारीण माशीची मातीची घरं, मुंग्यांची रांग, मेलेली पाल, उंदराच्या लेंड्या, भिंतीवरून बोर्डात उतरलेली पाण्याची रेघ यातलं काही दिसलं किंवा बोर्ड ओलसर दिसला, तर मेन बंदच ठेवून वायरमनची वाट पाहा. सगळं कोरडं असेल तर घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीज-पंपासकट प्रत्येक प्लग काढा आणि मगच मेन चालू करा. आता मीटर पाहा. काहीही चालू नसताना त्यावरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर एक तर काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर कुठेतरी वीज ओलीतून जमिनीत झिरपतेय. हे निरीक्षण वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

मग एकेक खोली घ्या. दिवा लागत नसेल किंवा फडफडत असेल, तर मेन बंद करून सोबतचा बल्ब तिथे लावा आणि मेन चालू करून पाहा. तो लागला तर जुना बल्ब गेला होता, विषय संपला. नाही लागला तर होल्डरमध्ये बोट घालू नका, नुसतं लिहून ठेवा. एकच दिवा बिघडलाय, एका बोर्डावरचे सगळे, की अख्खं घर, एवढी नोंद असली तरी वायरमनचा निम्मा वेळ वाचतो. वेळही लिहा. पाऊस जोरात असतानाच फडफडतो, पंप सुरू झाला की मंदावतो, की संध्याकाळी सातनंतर सगळ्या वाडीतच मंदावतो? सगळ्या वाडीत असेल तर दोष तुमच्या घरात नाही. घरातले काही दिवे अचानक फटफटीत आणि काही मंद झाले किंवा सगळेच डोळे दिपवण्याइतके तेजाळले, तर लिहीत बसू नका. डीपीवर (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटल्याचं ते लक्षण असू शकतं. मेन ताबडतोब बंद करा आणि महावितरणला 1912 वर कळवा.

बटण बंद असूनही एलईडी बल्ब रात्री काजव्यासारखा मिणमिणतो, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. कधी कारण साधं असतं, बटणातला छोटा इंडिकेटर दिवा किंवा लांबपर्यंत एकमेकींना लागून गेलेल्या वायरी. पण जुन्या घरात बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता धरूनच चाला. तसं असेल तर बटण बंद करूनही होल्डर जिवंत राहतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाचा जीव त्यात जाऊ शकतो. म्हणून तसा बल्ब मेन बंद केल्याशिवाय काढू नका.

वासाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. एका वर्षी आमच्या माजघरातला दिवा फडफडायचा. आम्ही दोनदा बल्ब बदलला, मग होल्डर. काकू म्हणायची, श्रावण चाललाय, घरात मासे नाहीत, तरी ओटीवर सुक्या बांगड्यासारखा वास येतो. आम्ही मांजराला दोष दिला. वायरमन आला आणि म्हणाला, "होल्डर बदलून काय होवचा नाय, आधी न्यूट्रल बघूक व्हयो." मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन आतलं बेकलाइट जळत आलं होतं. तापलेलं बेकलाइट आणि प्लास्टिक असाच मासळीचा वास सोडतं. वर लाकडी वासे होते. ती रात्र आठवली की आजही पोटात गोळा येतो. तेव्हा वास आला, बटणाची पट्टी कोमट लागली किंवा बोर्डातून चरचर ऐकू आली, तर मेन बंद करून कंदील लावा.

लाकडी पट्टीवरचं किंवा केसिंग-कॅपिंगमधलं जुनं वायरिंग असेल तर ते हलवू नका, साफही करू नका. आतलं रबर वाळून भुगा झालेलं असतं आणि वाकवलं की तांबं उघडं पडतं. चिकटपट्टी हा त्यावर इलाज नाही, तेवढा भाग बदलायचाच. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये कोणी जाड तांब्याची तार गुंडाळली आहे का, ते वायरमनला मेन बंद करून पाहायला सांगा. तशी तार वितळत नाही, तिच्याआधी वायर पेटते.

सामान तालुक्याला जाऊनच घ्या, आयएसआय छापाचं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्लगना अडीचची, फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर नवे दिवे राहू द्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) घ्या. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. जुन्या घरात तो सुरुवातीला वारंवार पडेल. "त्रास देतो, काढून टाका" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, तो गळती दाखवतोय आणि ती शोधायची आहे. परसातल्या अर्थिंगच्या पाइपावरचा बोल्ट गंजून सुटलाय का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

वायरमन परवानाधारक असावा आणि दिवसा यावा. शिडी, माळ्यावरची मोकळी वाट आणि तुमची वही तयार ठेवा. त्याला 500 व्होल्टचा मेगर (वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) आणायला आधीच सांगा, आणि तपासणीपूर्वी सगळे एलईडी बल्ब काढा, नाहीतर तेच जळतील. एखाद्या लाइनचं माप 1 मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन या गणपतीत वापरायची नाही.

मखराच्या माळांसाठी वेगळा प्लग ठरवा, होल्डरमधून जोड काढू नका. माटवीच्या (गणपतीवर टांगलेल्या चौकटीच्या) सुक्या फळांना आणि पडद्याला माळ टेकू देऊ नका, आणि रात्री झोपताना ती बंद करा. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, ते कागदावर लिहून बोर्डाशेजारी चिकटवा. विसर्जनानंतर घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे देताना तो कागदही त्यांना दाखवून ठेवा.