जखमेचं लॅटिन नाव लिहिताना या चुका टाळा

नागपूरहून रशिया किंवा किरगिझस्तानला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी लॅटिनशी गाठ पडते. इथं नागपुरात मेडिकलला किंवा मेयोत (ही दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) शिकणाऱ्यांपुढे तेच लॅटिन इंग्रजी वेशात येतं: लॅसरेशन, इन्सिजन, कन्ट्युजन. चुका मात्र दोघांच्या बहुतेक सारख्याच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फाटलेल्या जखमेला कापलेली म्हणणं. लॅटिनमध्ये फाडण्याचं क्रियापद वेगळं आणि आत कापण्याचं वेगळं. एकातून लासेरातुम (फाटलेलं) आलं, दुसऱ्यातून इन्सिसुम (कापलेलं). गोंधळ होतो तो डोक्यावर, भुवईवर आणि नडगीवर. तिथं कातडीखाली लगेच हाड असतं, त्यामुळे काठीचा मार बसला तरी कातडी सरळ रेषेत उकलते आणि वरवर पाहणाऱ्याला सुरीचा वार वाटतो. म्हणून आधी सलाईनने रक्त धुवा, काठ अलगद फाकवा आणि भिंगातून तळ बघा. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेले ऊतींचे धागे दिसले, केसांची मुळं चिरडलेली असली, काठाला खरचटलेलं असलं, तर जखम लासेरातुम. धारदार पात्याने केस सरळ कापले जातात आणि मध्ये धागे उरत नाहीत. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या केसच्या, कागदावर ‘इन्साइज्ड’ (कापलेली) लिहिलं की शस्त्र धारदार ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 मध्ये कापायच्या किंवा भोसकायच्या हत्याराने केलेली दुखापत वेगळी धरली आहे. एका शब्दाने काठीच्या मारामारीत सुरी येते, आणि तो शब्द लिहिणाऱ्याला पुढे कोर्टात उत्तर द्यावं लागतं.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेले गळे येतात, तेव्हाही सवयीने शिक्का मारू नका. काठ स्वच्छ असतील तर वुल्नुस इन्सिसुम (वुल्नुस म्हणजे जखम). दोरा घासत गेल्याची खरचट असेल तर तीही वेगळी नोंदवा.

खोलीचा घोळही नेहमीचाच. लांबी खोलीपेक्षा जास्त असेल तर इन्सिसुम. खोली सगळ्यात जास्त असेल तर वुल्नुस पुंक्तुम, म्हणजे भोसकल्याची जखम. माप पट्टीने, सेंटिमीटरमध्ये घ्या. जिवंत रुग्णाच्या जखमेत खोली मोजायला सळई घालू नका. धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागतं.

कोन्तुसियो आणि वुल्नुस कोन्तुसुम हे एकच समजणारे पुष्कळ आहेत. कोन्तुसियो म्हणजे मुका मार. कातडी शाबूत असते आणि आत रक्त साकळतं. कातडी फुटली की ते वुल्नुस झालं. आपल्याकडे कॅज्युअल्टीत ‘सीएलडब्ल्यू’ (कन्ट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, म्हणजे ठेचून फाटलेली जखम) हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की नुसत्या काळ्यानिळ्या डागालाही तो चिकटवला जातो. त्यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ जखम आहे. उघडी जखम नसेल तर तो लिहूच नये.

आता शेपटांकडे, म्हणजे प्रत्ययांकडे. इथं मराठी मुलांना आयता फायदा आहे. आपण फाटका सदरा, फाटकी चादर, फाटकं धोतर म्हणतो, आणि लॅटिनही तसंच चालतं. वुल्नुसच्या शेवटी ‘उस’ दिसतो म्हणून मुलं त्याला पुल्लिंगी धरून ‘वुल्नुस लासेरातुस’ लिहितात. तो शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून लासेरातुम. फ्राक्तुरा स्त्रीलिंगी, म्हणून उघडं फ्रॅक्चर ते फ्राक्तुरा आपेर्ता आणि बंद ते फ्राक्तुरा क्लाउसा. अनेकवचनात वुल्नुसचं वुल्नेरा होतं, मग विशेषणही बदलून वुल्नेरा इन्सिसा.

षष्ठीत मूळ शब्द बदलतो, जसं आपलं पाणी-पाण्याचा. फेमुरचं (मांडीचं हाड) फेमोरिस, कापुतचं (डोकं) कापितिस, क्रुसचं (गुडघ्याखालचा पाय) क्रुरिस, रादियुसचं (कोपराखालचं अंगठ्याकडचं हाड) रादिई. ‘फ्राक्तुरा फेमुर’ लिहिणं म्हणजे ‘पाणीचा तांब्या’ म्हणण्यासारखं आहे. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर म्हणजे फ्राक्तुरा कोल्ली फेमोरिस. शब्द पाठ करताना प्रथमा आणि षष्ठी जोडीने पाठ करा. नाहीतर ‘ओस’ अडवेल: ओरिस झालं तर तोंडाचं, ओस्सिस झालं तर हाडाचं.

हाताच्या जखमेत तर दुहेरी सापळा आहे. मानुस, म्हणजे हात, दिसतो पुल्लिंगी पण आहे स्त्रीलिंगी, आणि षष्ठीत त्याचं लेखन बदलत नाही. उजव्या हाताची कापलेली जखम: वुल्नुस इन्सिसुम मानुस देक्स्त्रे. ‘उजवा’ हे विशेषण हाताचं आहे, जखमेचं नाही. म्हणून ‘देक्स्त्रुम’ चूक आणि ‘देक्स्त्री’सुद्धा चूक.

डोक्याच्या माराच्या नोंदीत कोम्मोतियो सेरेब्री आणि कोन्तुसियो सेरेब्री यांची अदलाबदल होते. पहिल्यात मेंदू हादरतो, आणि साध्या सीटी स्कॅनमध्ये सहसा काही दिसत नाही. दुसऱ्यात मेंदूतच मार बसून रक्त साकळतं, ते स्कॅनवर दिसू शकतं. स्कॅन हातात येण्याआधी कोन्तुसियो लिहू नका.