मांजराच्या आतड्याला सूज असेल तर आहाराची चाचणी अशी करा

आतड्याच्या जुनाट सुजेत (आयबीडी) डॉक्टर बऱ्याचदा आधी आहार बदलून पाहायला सांगतात. मांजराने पूर्वी कधीच न खाल्लेलं मांस किंवा हायड्रोलाइज्ड (अगदी बारीक तुकड्यांत तोडलेल्या) प्रथिनांचं खाद्य, आणि त्याशिवाय काहीही नाही. ही चाचणी फसते ती या ‘काहीही नाही’पाशीच. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेला तुकडा, दुसऱ्या मांजराच्या वाटीतला उष्टा घास, चव घातलेली जंताची गोळी, सगळं मोजायचं. फरक बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसतो, तेवढा धीर धरा. नवं खाणं मात्र जुन्यात मिसळत हळूहळू आणा. मांजर हटून उपाशी बसलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात चरबी साचू शकते.

उलट्या, शी आणि दर आठवड्याचं वजन वहीत लिहा. चार किलोच्या जिवाचं २०० ग्रॅम घटणं म्हणजे ५ टक्के, नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. बी-१२ची रक्ततपासणी करायची का, तेही विचारा. प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून परस्पर थांबवू नका, मात्रा डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतील.