माशांची पिल्लं आजारी पडली? औषध ओतण्याआधी या चुका टाळा

घरच्या टाकीत पाळलेल्या गप्पी, मॉली किंवा एंजल माशांची पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असताना मरायला लागली की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. निळी किंवा पिवळी बाटली आणतात आणि अंदाजाने थेंब टाकतात. आजार कोणता, हे कोणी पाहिलेलंच नसतं. मोठा मासा चुकीचं औषध एखादे वेळी सोसतो, पण दीड सेंटिमीटरचं पिल्लू सोसत नाही. शिवाय मिथिलीन ब्लूसारखं औषध फिल्टरच्या स्पंजमधले उपयोगी जिवाणूही मारतं. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया हेच जिवाणू पचवतात. ते मेले की अमोनिया वाढतो आणि आजारातून वाचलेली पिल्लंही त्यात जातात.

म्हणून आधी एवढं बघा: सगळी एकदम बिघडली की एकेक करून? काही तासांत अख्खी टाकी वर येऊन तोंड उघडझाप करत असेल, तर दोष पाण्याचा धरा. रोज एक-दोन पिल्लं सुस्त होत असतील, पंख अंगाशी चिकटवून बसत असतील, तर संसर्गाचा संशय घ्या.

पाणी बदललं, पण कुठलं?

आपल्या इंदुरात ही चूक सर्वांत जास्त पिल्लं घेते. नर्मदेचा नळ बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतो. उन्हाळ्यात हौदात नर्मदा, बोरिंग आणि टँकर असं तिन्ही पाणी एकत्र होतं. बोरिंगच्या पाण्यात क्षार खूप, त्या मानाने नर्मदेचं पाणी सौम्य. माशांना दोन्ही चालतं, पण एकातून दुसऱ्यात अचानक टाकलेलं चालत नाही.

रामबागेतल्या एका मुलाने मे महिन्यात मला फोन केला. "काका, सकाळी अर्धं पाणी बदललं, दुपारपर्यंत सगळी वर येऊन हापतायत. फंगसचं औषध टाकू का?" आदल्या दिवशी त्यांच्या इमारतीत टँकर आला होता. त्याच्या टाकीत जास्त खाणं पडत होतं, जुनं पाणी आम्लाकडे झुकलं होतं आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली, याचं माप) ७ च्या आसपास होता. नव्या पाण्याने तो ८ वर गेला. पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे पाणी बदलून अमोनिया निम्मा झाला, तरी विष पाचपट झालं. अशा वेळी औषध टाकणं म्हणजे दुखऱ्या कल्ल्यांवर आणखी भार. त्याला खाणं बंद करायला, हवा वाढवायला आणि शेजारून नर्मदेचं साठवलेलं पाणी आणून थोडं थोडं बदलायला सांगितलं.

नळाचं ताजं पाणी थेट ओतू नका. त्यातलं क्लोरीन पिल्लांचे कल्ले जाळतं. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन वापरा. पिल्लांच्या टाकीत रोज दहा-वीस टक्के पाणी बदलणं हे आठवड्यातून एकदा अर्धं बदलण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. अमोनियाची टेस्ट किट घरात हवीच. औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा ती जास्त पिल्लं वाचवते.

ठिपके गेले म्हणून औषध थांबवणं

माळव्यातली थंडी दिवसा जाणवत नाही, रात्री मात्र पारा दहाच्या खाली जातो. हीटर नसलेल्या छोट्या टाकीचं पाणी पहाटे गार पडतं आणि व्हाइट स्पॉट हा परजीवीचा आजार येतो. अंगावर रव्याएवढे पांढरे दाणे दिसतात. पिल्लांत कधी कधी तो आधी कल्ल्यांत शिरतो. दाणा दिसायच्या आतच पिल्लू धापा टाकत मरतं.

दाण्याच्या आतला परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी बसतो, कवच करतो, त्यातून शेकडो नवे जीव बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणजे तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ दिसतं, तेव्हा आजार तळाशी बसलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच लोक उपचार बंद करतात. २५ अंशांना हे चक्र साधारण आठवडाभरात पुरं होतं, गार पाण्यात बरंच लांबतं.

गप्पी-मॉलीच्या पिल्लांसाठी मी आधी मीठ आणि उष्णता वापरतो. तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, २९-३० पर्यंत न्या. खडे मीठ विरघळवून लिटरला दोन ग्रॅम, तेही दोन दिवसांत विभागून. टेट्रा किंवा कोरी माशांच्या पिल्लांना एक ग्रॅम पुरे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप वाढवा. तळ रोज बारीक नळीने ओढून घ्या. शेवटचा दाणा गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवा.

प्रत्येक पांढऱ्या डागाला हीटर नको

पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा किंवा तोंडावर कापसासारखा थर दिसला तर तो बहुधा कॉलमनॅरिस. लोक त्याला बुरशी म्हणतात, पण तो जिवाणू आहे आणि उष्ण पाण्यात भराभर पसरतो. इथे तापमान वाढवलं तर एका दिवसात टाकी रिकामी होऊ शकते.

व्हेल्व्हेट हा दुसऱ्या परजीवीचा आजार तर टाकीच्या दिव्याखाली सहज दिसत नाही. पिल्लू काचेच्या पेल्यात घ्या, मागे काळा कागद धरा, खोलीत अंधार करा आणि बाजूने टॉर्च मारा. अंगावर सोनेरी धूळ चमकली की निदान पक्कं. या परजीवीला उजेड लागतो, म्हणून उपचाराबरोबर टाकीवर कापड टाका. तांब्याचं औषध चालतं, पण टाकीत गोगलगाय किंवा झिंगे असतील तर ते मरतील.

माणसांच्या टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात फोडायची सवय सोडा. बोरिंगच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिला बांधून टाकतं. औषध पाण्यात असतं, पण माशाला लागत नाही. प्रतिजैविक खरंच लागणार असेल तर मत्स्यतज्ज्ञाला किंवा पशुवैद्याला विचारा.

मात्रा मोजताना टाकीचं नाही, पाण्याचं माप घ्या. बारा बाय आठ इंचांच्या टाकीत सहा इंच पाणी म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. फॉर्मेलिनच्या (परजीवीवरच्या औषधाच्या) बाटलीत तळाला पांढरा साका दिसला तर ती वापरूच नका.

उकडलेल्या अंड्याचा बलक देणं बंद केलंत तर निम्मी दुखणी येणारच नाहीत. तो पाणी नासवतो. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्यांची अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) द्या, अंड्यांची टरफलं वेगळी करून. अंड्यातून नुकती निघालेली एंजलची पिल्लं तळाशी किंवा पानाला चिकटून वळवळतात, ती आजारी नसतात. पोटाला असलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत त्यांना खाणं लागत नाही. पण बाकीची पोहू लागल्यावरही जी पोटावर घसरत राहतात, त्यांच्या वाताशयात (तरंगायला लागणाऱ्या पोटातल्या पिशवीत) हवा भरलेली नसते. त्यावर औषध नाही.

आजारी टाकीची जाळी आणि नळी वेगळी ठेवा, वापरल्यावर मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात पूर्ण वाळवा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घाला.