जनावरांच्या दवाखान्यात काम करताय? मग हातांकडे नीट बघा

जनावरांच्या दवाखान्यातल्या कुणाचेही हात बघा, डॉक्टर असोत, ड्रेसर असो नाहीतर पिंजरे धुणारा पोरगा असो, बोटांच्या बेचक्यात पांढरट कोरडी कातडी, पेरांवर बारीक भेगा, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपल्या कामात हे चालायचंच." मला हे अजिबात पटत नाही, कारण यातलं बरंचसं टाळता येतं आणि दुर्लक्ष केलं तर चांगला हात असलेल्या माणसावर काम सोडायची वेळ येते.

मलम नंतर बघू, आधी त्रास कधी सुरू होतो ते बघा. जनावराला हात लावल्यावर किंवा ग्लोव्हज घातल्यावर काही मिनिटांतच खाज आणि गांधी उठत असतील तर ती झटपट येणारी ॲलर्जी, जनावराच्या अंगावरचा कोंडा, लाळ, व्यायच्या वेळचं पाणी, वार किंवा लेटेक्स यातलं काहीतरी तिच्यामागे असतं. एक-दोन दिवसांनी लाली आणि बारीक पाण्याचे फोड येत असतील तर ती उशिरा येणारी ॲलर्जी, तिथे रबरात घातलेली थायुरामसारखी केमिकल्स, ग्लुटराल्डिहाइडसारखं जंतुनाशक, पेनिसिलीन, टायलोसिनसारखी अँटिबायोटिक्स असल्या गोष्टींवर संशय घ्यायचा. आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू कातडी फाटत जाते, सुट्टीत बरी होते, कामावर आलं की परत तेच, असं असेल तर बहुतेक वेळा साबण, पाणी आणि जंतुनाशकाने कातडीवरचं तेल निघून गेलेलं असतं. सगळ्यात जास्त लोकांना हाच त्रास होतो, आणि गंमत नाही हो, फाटलेल्या कातडीतून पुढे ॲलर्जी आणि जंतू दोन्ही सहज आत शिरतात.

म्हणून सुरुवात धुण्यापासून. गरम पाणी नको, कोमट किंवा गारच घ्या. हात दिसायला घाण नसतील तर प्रत्येक वेळी साबण लावायची गरज नाही, अल्कोहोलचं सॅनिटायझर कातडीला साबणापेक्षा कमी त्रास देतं (भेगांवर झोंबतं खरं, पण झोंबलं म्हणजे ॲलर्जी झाली असं नाही). शेण, रक्त, पू लागला असेल तर मात्र साबण-पाणीच. फरशी पुसायचं किंवा भांडी निर्जंतुक करायचं औषध हातावर घेऊन हात धुणं आजच बंद करा, ते कातडीसाठी बनवलेलंच नाही. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा, अंगठी कामावर काढूनच ठेवा, कारण तिच्याखाली साबण अडकून राहतो आणि बऱ्याच जणांचा पहिला चट्टा तिथेच उठतो. मग बिनवासाचं क्रीम, अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कडेला सुद्धा, नुसतं तळव्याला चोळून उपयोग नाही. रात्री व्हॅसलिनसारखं जाड काहीतरी लावून वर सुती हातमोजे घालून झोपा.

आता ग्लोव्हज. ओल्या हातावर चढवले की आत घाम आणि साबण शिजत राहतो, म्हणून हात पूर्ण कोरडे करून मगच घाला, आतून ओले झाले की बदला, जास्त वेळ घालायचे असतील तर आत पातळ सुती जोड घाला. लेटेक्सखाली तेलकट मलम लावू नका, रबर कमजोर होतं. पावडर नसलेले नायट्राइलचे बरे, पण नायट्राइलमध्येही ती थायुरामच्या जातीची केमिकल्स असू शकतात, त्यामुळे ग्लोव्हज बदलूनही त्रास तसाच राहिला तर ॲक्सेलरेटर (म्हणजे ग्लोव्हज बनवताना घातलेली हीच केमिकल्स) नसलेले मागवा. लेटेक्सची ॲलर्जी असलेला सहकारी असेल तर पावडरवाले लेटेक्स कुणीच वापरू नयेत, पावडरीबरोबर लेटेक्समधलं प्रोटीन हवेत उडतं आणि त्याला दम लागू शकतो. अमेरिकेत तर पावडरच्या वैद्यकीय ग्लोव्हजवर जानेवारी 2017 पासून बंदीच आहे. अडलेली गाय मोकळी करताना खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे ग्लोव्हज पटकन फाटतात, म्हणून पंजावर नायट्राइलचा एक जोड आणखी चढवा आणि काम झाल्यावर कोपरापर्यंत धुवा.

जनावराकडून येणारं इन्फेक्शन वेगळंच प्रकरण आहे. वासरं आणि मांजरांकडून गजकर्ण येतं, गोल चकती, कडा लाल आणि खवल्यांची. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावणं हा सगळ्यात वाईट उद्योग, दोन दिवस खाज थांबते, खाली बुरशी पसरत राहते आणि नंतर डॉक्टरलाही चट्टा ओळखू येत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला खपल्या असतील आणि तुमच्या बोटावर गाठीसारखा फोड आला तर तो ऑर्फ (शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा विषाणूचा आजार) असू शकतो, साधारण सहा आठवड्यांत आपोआप जातो, कापू नका, फोडू नका. गाभडलेल्या जनावरात हात घातल्यावर काही दिवसांनी दंडावर पुरळ किंवा फोड आले, त्यात ताप असला तर ब्रुसेला, लिस्टेरिया हे जनावरांकडून येणारे जंतू डोक्यात ठेवून डॉक्टरला ते काम सांगाच. आणि मेलेलं जनावर हाताळल्यावर न दुखणारी काळी खपली, भोवती सूज, असं दिसलं तर त्याच दिवशी जा, ॲन्थ्रॅक्स असू शकतो. आणि झटपट येणाऱ्या ॲलर्जीत चेहऱ्यावर सूज, घरघर, चक्कर आली तर थेट इमर्जन्सी.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. ग्लोव्हजच्या खोक्याचा, जंतुनाशकाच्या आणि औषधांच्या लेबलांचा फोटो न्या, चट्टा जोरात असतानाचा फोटो न्या, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी हात नेमके बरे दिसतात. पॅच टेस्ट (उशिरा येणाऱ्या ॲलर्जीची तपासणी) सांगितली तर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या 48 तास पाठीवर राहतात, भिजवायच्या नाहीत, काढल्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी दाखवायला बोलावतात, तेव्हा न चुकता जा, काही ॲलर्जी त्या दुसऱ्या तपासणीतच दिसतात. झटपट उठणाऱ्या गांधींसाठी प्रिक टेस्ट (कातडीला बारीक टोचून करतात ती) किंवा रक्ततपासणी लागते, ती वेगळी, म्हणून "मिनिटांत होतं" हे आधीच सांगा. कारण सापडलं की त्याचं नाव लिहून घ्या आणि दवाखान्यात जो सामान मागवतो त्याच्या हातात द्या, पुढची ऑर्डर जायच्या आत.