स्काउट बिल्डसाठी स्वस्तातली सेमी-ऑटो रायफल कशी निवडायची

स्काउट रायफल ही कल्पना अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांची. १९८० च्या दशकात ॲरिझोनातल्या गनसाइट या ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांनी तिचं माप पक्कं केलं. स्कोप आणि पट्ट्यासकट वजन ३ किलो, अगदीच नाही जमलं तर साडेतीन, लांबी १ मीटरच्या आत, काडतूस .३०८ (हा आकडा म्हणजे गोळीचा इंचातला व्यास) आणि नळीवर पुढे बसवलेला कमी पॉवरचा स्कोप. एकट्या माणसाने दिवसभर घेऊन हिंडावं आणि लागेल तेव्हा पटकन खांद्याला लावावी, एवढाच हिशोब. त्यांची पसंती बोल्ट ॲक्शनला होती, म्हणजे जिचा बोल्ट दर गोळीनंतर हाताने ओढावा लागतो, पण सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी स्वतःच भरणारी, एवढी आटोपशीर मिळाली तर तिचाही विचार करावा असं त्यांचं म्हणणं होतं. अडचण अशी की .३०८ ची सेमी-ऑटो बहुतेक वेळा जड असते आणि हलकी असली तर महाग, त्यामुळे कमी बजेटमध्ये करायचं तर कुठेतरी तडजोड आलीच आणि ती कुठे करायची हे रायफल घ्यायच्या आधीच ठरवावं लागतं.

हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात नेहमीच्या शस्त्र परवान्यावर असली सेमी-ऑटो मिळत नाही, त्यामुळे तिथे हा विषयच संपतो. आणि अमेरिकेतही आपली बरीच मंडळी एच-वन-बी वर आहेत, त्यांनी नीट वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा साधं काडतूसही जवळ बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, व्हॅलिड हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. मित्राची रायफल "जरा घरी ठेव" म्हणून घेतली तरी अडकाल, म्हणून आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना डीलरकडे ४४७३ फॉर्म आणि बॅकग्राउंड चेक करून घेता येते.

आधी राज्याचा कायदा, मग रायफल

कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क अशा राज्यांत पिस्तूल ग्रिप, सुटी मॅगझिन, नळीच्या तोंडावरचे आटे अशा गोष्टींवरून रायफल बेकायदा ठरू शकते, आणि शिकारीचे नियम त्याहून वेगळे. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटो रायफल चालतच नाही, व्हर्जिनियात .२३ पेक्षा लहान कॅलिबर हरणाला चालत नाही, कोलोरॅडोत मोठ्या शिकारीला किमान .२४ लागतं, म्हणजे मिनी-१४ आणि एआर-१५ चं नेहमीचं .२२३ काडतूस दोन्हीकडे बाद. शिकार करायची नसेल, नुसती रेंजवर आणि फार्मवर वापरायची असेल तर हा प्रश्न येत नाही, पण ते आत्ताच ठरवा कारण काडतूस त्यावरच ठरतं. नळी कापून रायफल लहान करायचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका, १६ इंचांपेक्षा लहान नळी म्हणजे वेगळं फेडरल रजिस्ट्रेशन.

पुढे बसवलेला स्कोप तुम्हाला खरंच लागतो का?

माझ्या मते निवड खरी इथेच होते आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. स्कोप पुढे का ठेवायचा? डोळ्याभोवतीचं दिसत राहतं हे एक कारण, पण दुसरं जास्त कामाचं आहे, रिसीव्हरचा, म्हणजे जिथे बोल्ट चालतो त्या मधल्या भागाचा, वरचा भाग मोकळा राहतो. जी रायफल वरून भरली जाते तिला हे हवंच. एसकेएस या जुन्या सोव्हिएत रायफलमध्ये १० राउंड वरून स्ट्रिपर क्लिपने (राउंड धरून ठेवणारी धातूची पट्टी) दाबून भरतात, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन गॅरंडमध्ये ८ राउंडची अख्खी क्लिप वरून जाते आणि शेवटच्या राउंडनंतर वरच उडते, तिथे नेहमीच्या जागी स्कोप बसवला तर भरायचीच पंचाईत. एआर-१५ मध्ये मात्र मॅगझिन खालून जाते, त्यामुळे पुढच्या स्कोपचा तो फायदाच उरत नाही, तिथे साधा १-४ किंवा १-६ पट बदलता येणारा व्हेरिएबल स्कोप नेहमीच्या जागी लावा आणि मोकळे व्हा. दिसायला स्काउटसारखी नसेल, पण काम तेच करेल.

आता एकेक रायफल

एसकेएस. काडतूस ७.६२ बाय ३९, दीडशे यार्डांच्या आत हरणाला पुरेशी, साधी आणि मजबूत. पण वजन साधारण साडेआठ पौंड म्हणजे ३.८५ किलो, स्कोपशिवायच, आणि लांबीही मीटरपेक्षा जराशी जास्त. म्हणजे कूपर यांच्या मापात ही बसत नाही. तरी घ्यायची असेल तर स्कोप रिसीव्हर कव्हरवर कधी लावू नका, ते कव्हर साफसफाईला निघतं आणि जागेवर हलतं, झिरो, म्हणजे निशाण्याशी जुळवलेली सेटिंग, टिकत नाही. मागच्या साइटच्या जागी बसणारा स्काउट माउंट घ्या. युगोस्लाव्ह मॉडेल असेल तर ग्रेनेड लाँचरमुळे वजन अजून वाढतं आणि नळीला आतून क्रोम नसतं, त्यामुळे जुनी सरप्लस गोळी मारली, जी बऱ्याचदा गंज आणणारी असते, तर त्याच दिवशी पाण्याने धुवून, वाळवून तेल लावावं लागतं. घरी आणल्यावर बोल्ट काढून हलवा, आतली फायरिंग पिन खळखळ आवाज करत सुटी हलली पाहिजे. कॉस्मोलिनच्या ग्रीसमध्ये ती पुढे अडकलेली असेल तर बोल्ट बंद होतानाच राउंड उडू शकतो. पिन मोकळी होईपर्यंत एकही राउंड भरू नका. अजून एक, सुटी मॅगझिन किंवा वेगळा स्टॉक लावून एसकेएस बदलायला गेलात तर ९२२-आर हा इम्पोर्टेड पार्ट्सचा नियम लागू होतो, ठराविक यादीतले दहापेक्षा जास्त परदेशी पार्ट चालत नाहीत. आणि सगळे नंबर जुळणारी जुनी एसकेएस हाती आली असेल तर तिची तोडफोड कृपया करू नका, ती जशी आहे तशीच छान आहे.

गॅरंडबद्दल थोडक्यात. साडेनऊ पौंड. अप्रतिम रायफल, पण स्काउट नाही. घेतलीत तर आजच्या जोरदार शिकारी .३०-०६ गोळ्या तिच्यात घालू नका, ऑपरेटिंग रॉड वाकतो.

मिनी-१४ वर मात्र मी थांबेन. रुगरची ही रायफल १९७० च्या दशकापासून आहे, १८.५ इंची नळीच्या रँच मॉडेलचं वजन ७ पौंडांच्या आसपास आणि लांबी ३८ इंच, म्हणजे मीटरच्या आत. नवी हजार डॉलरच्या वर जाते म्हणून वापरलेली शोधायची, आणि शोधताना सिरियल नंबर बघायचा. ५८० पासून पुढच्या सिरीजमध्ये, म्हणजे २००५ च्या सुमाराच्या बदलानंतरच्या, अचूकता बरीच सुधारली. १८० ने सुरू होणाऱ्या अगदी जुन्यांना पार्ट्स मिळताना त्रास होतो. हँडगार्डच्या जागी बसणारी अल्टिमॅक कंपनीची रेल (स्कोप अडकवायची पट्टी) घेतली की पुढचा स्कोप घट्ट बसतो. मिनी रिकामी टरफलं फार जोरात फेकते, स्कोप पुढे असल्यामुळे तोही वाटेतून बाजूला होतो. मॅगझिन फक्त कंपनीचीच घ्या, स्वस्तातल्या अडकतात. .२२३ नको असेल तर तीच रायफल मिनी थर्टी नावाने ७.६२ बाय ३९ मध्ये येते, आणि हरणाची शिकार करणाऱ्याला मी तीच सांगेन.

एआर-१५ सगळ्यात स्वस्त, पाच-सहाशे डॉलरपासून सुरू. पातळ पेन्सिल बॅरल घेतली तर सहा-साडेसहा पौंडांत काम होतं आणि वजनाची अट हीच रायफल सगळ्यात सहज पाळते. .३०८ चाच हट्ट असेल तर २०२२ मध्ये आलेली रुगर एसएफएआर सात पौंडांच्या आत आहे, पण ती स्वस्तात धरता येणार नाही.

काटा आणि कॅल्क्युलेटर

रायफलच्या किमतीवर जाऊ नका, तयार झालेल्या रायफलचा हिशोब करा. व्हॉर्टेक्सचा २-७ स्काउट स्कोप एकटाच १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम, त्यात रेल, रिंगा, पट्टा धरा, सात पौंडांची मिनी साडेतीन किलोवर कधी जाते कळत नाही. म्हणून हलका, ठराविक पॉवरचा, बरिसच्या २.७५ सारखा स्कोप बघा. आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोपमधलं अंतर, ९-१० इंच तरी हवा, नेहमीचा रायफल स्कोप पुढे लावला तर चित्रच दिसणार नाही. तीन-चारशे गोळ्यांचे पैसेही आधीच बाजूला काढा, त्याशिवाय स्कोप झिरो करणं आणि हात बसवणं दोन्ही राहून जातं.

दुकानात रायफल हातात घेतली की चेंबर आणि मॅगझिन रिकामी आहे हे आधी स्वतः बघा, मग सुरक्षित दिशेला डोळे मिटून खांद्याला लावा आणि डोळे उघडा. साइट समोर आली नाही तर स्टॉकची लांबी तुम्हाला जमत नाहीये, आणि अमेरिकन स्टॉक आपल्या उंचीच्या लोकांना बऱ्याचदा लांब पडतात.

रेंजवर पहिल्या दिवशी थंड नळीने तीन राउंड मारा, मग दहा सलग, मग नळी पूर्ण गार होऊ देऊन पुन्हा तीन. थंड नळीचे दोन्ही ग्रुप एकाच जागी पडले तर माउंट पक्का आहे. पडले नाहीत तर स्कोपला हात लावायच्या आधी रेलचे स्क्रू तपासा.