विमानाच्या पंखाची कंपनं मोजताय? या चुका टाळा (आणि आधी कूलर बंद करा)

मे महिन्यातलं नागपूर, प्रोजेक्ट जमा करायला चार दिवस. एका पोराने पंख म्हणून अॅल्युमिनिअमची पट्टी टेबलाला बांधली होती: बाहेर ३० सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. हिशेबाने तिची पहिली वारंवारता (छेडल्यावर ती सेकंदाला किती वेळा हलते) साधारण २७ हर्ट्झ यायला हवी. आलेखात २३ ला उंच शिखर दिसलं. पठ्ठ्याने काय करावं? सॉफ्टवेअरमध्ये यंग मापांक (धातूचा ताठपणा) ७० वरून ५० गिगापास्कलवर आणला आणि "सर, जुळलं!" म्हणून हजर.

"काहून रे, अॅल्युमिनिअम एवढं मऊ कधीपासून झालं?"

खिडकीतला कूलर बंद करायला लावला. शिखर गायब. पंख्याची मोटर मिनिटाला १४०० फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला २३. पट्टीचं खरं शिखर २७ च्या अलीकडे, बुटकं, बिचारं उभंच होतं. तेव्हापासून मी पट्टी हातोडीने ठोकण्याआधी नुसता सेन्सर लावून एक मिनिट शांतपणे नोंद घेतो. आकडे जुळवायची घाई असलेल्यांना हे एक मिनिट फार जड जातं.

पट्टी टेबलाला धरणारा शिकंजाही तपासा. त्याच्या बुडाशी रुपयाचं नाणं ठेवून पट्टी छेडा. नाणं थरथरलं तर टेबलही तुमच्या पंखात सामील आहे. ७० ग्रॅमच्या पट्टीच्या टोकाला १० ग्रॅमचा सेन्सर चिकटवलात तर वारंवारता पाचव्या हिश्शाने उतरते. हातोडी दोनदा लागली? नोंद फेका.

आता माझं दुखणं: फ्लटर (वाऱ्यात आपोआप वाढत जाणारं कंपन) म्हणजे अनुनाद (बाहेरचा ठेका वारंवारतेशी जुळल्याने वाढणारं कंपन) नव्हे. ७ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला, आणि आजही व्हायव्हात उत्तर येतं, "वाऱ्याची वारंवारता पुलाशी जुळली." अरे, वारा ठेका धरून वाहत नव्हता! पूल हलला की त्या हलण्यातूनच हवेचा जोर बदलतो आणि तोच त्याला आणखी हलवतो. पंखात बहुधा वाकणं आणि पिळणं वेग वाढेल तसं एकमेकांजवळ सरकतं आणि हातमिळवणी करतं. म्हणून वेगासोबत डॅम्पिंगचा (कंपन विझवणाऱ्या गुणाचा) आलेख काढा. ते शून्याखाली गेलं की बाहेरून कोणी ठोकायची गरज उरत नाही. मोठ्या प्रवासी विमानांना तर कमाल डिझाइन वेगाच्या १५ टक्के पुढपर्यंत फ्लटर नाही, हे दाखवावं लागतं.

आणि एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेला) नवा रंग दिलात तर त्याचा तोल पुन्हा तपासा. रंगालाही वजन असतं.