न्यायालयाचा निकाल आणि न्यायव्यवहाराची कागदपत्रे कशी मिळवावीत

न्यायालयाचा निकाल हा दोन पक्षकारांमधला खासगी कागद नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार तो खुल्या न्यायालयात जाहीर करावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयापुरती ही अट राज्यघटनेच्या अनुच्छेद १४५ मध्येच घातलेली आहे. तरीही वाडवडिलांच्या जमिनीचा दावा फार पूर्वीच निकाली निघालेला असताना त्यात नेमके काय ठरले हे घरात कोणालाच ठाऊक नसते, वकिलांकडची फाईल सापडत नाही, आणि निकालाची प्रत मिळवायची तर कोर्टात कोणाची तरी ओळख हवी अशी समजूत होऊन बसते. ओळख लागत नाही. प्रकरणाचा क्रमांक लागतो, आणि आपल्याला हवा असलेला कागद कोणत्या प्रकारचा आहे याची स्पष्ट कल्पना लागते. कारण निकाल, प्रकरणात दाखल झालेले अर्ज-पुरावे आणि कार्यालयाचे प्रशासकीय कागद यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांसाठी ई-कोर्ट्स सेवेचे संकेतस्थळ किंवा त्याचे मोबाईल अ‍ॅप उघडावे. प्रत्येक प्रकरणाला तेथे सोळा अक्षरांचा व अंकांचा सीएनआर क्रमांक दिलेला असतो. महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात ‘एमएच’ या अक्षरांनी होते, पुढे जिल्हा व न्यायालयाची खूण येते आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. हा क्रमांक हाती असेल तर दुसरे काहीच लागत नाही. तो नसेल तर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून प्रकरण क्रमांक, पक्षकाराचे नाव, वकिलांचे नाव किंवा गुन्हा क्रमांक यांवरून शोध घेता येतो. प्रकरण क्रमांक टाकताना प्रकार अचूक निवडावा लागतो: जुन्या कागदांवर ‘रे. दि. मु. नं.’ असे लिहिलेले असते तो रेग्युलर दिवाणी मुकदमा, ‘स्पे. दि. मु.’ म्हणजे स्पेशल दिवाणी मुकदमा, आणि हुकूमनाम्याच्या (डिक्री, म्हणजे निकालानुसार निघणाऱ्या औपचारिक आदेशाच्या) अंमलबजावणीची दरखास्त, म्हणजे अर्ज, ही मूळ दाव्याहून निराळ्या क्रमांकाने नोंदलेली असते. नावावरून शोधताना प्रलंबित आणि निकाली हे दोन्ही पर्याय तपासावेत, कारण निकाली निघालेले प्रकरण प्रलंबितांच्या यादीत दिसत नाही. नावे बहुधा इंग्रजी अक्षरांत भरलेली असतात, त्यामुळे ‘पवार’ हे आडनाव कोठे ‘डब्ल्यू’ने तर कोठे ‘व्ही’ने लिहिलेले आढळते, म्हणून आडनावाऐवजी पहिल्या नावाची सुरुवातीची अक्षरे टाकून पाहणे अनेकदा फलदायी ठरते.

संगणकीकरणापूर्वीचे प्रकरण येथे सापडेलच असे नाही. जमिनीचा दावा असेल तर अशा वेळी सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक घेऊन तो फेरफार काढावा. हुकूमनाम्यावरून नोंद धरलेली असेल तर फेरफाराच्या मजकुरात न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख बहुतेक वेळा लिहिलेली असते, आणि तेवढ्या एका ओळीवरून न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममधील फाईलपर्यंत पोहोचता येते. मात्र प्रकरणातील काही कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, म्हणून जुन्या निकालाची प्रत ‘लागेल तेव्हा काढू’ म्हणून ठेवून देऊ नये.

उच्च न्यायालयाच्या निकालांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे संकेतस्थळ आहे. तेथे मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा यांपैकी योग्य खंडपीठ निवडणे महत्त्वाचे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरते पीठ) सुरू झाले आहे, तेव्हा त्या भागातील नवी प्रकरणे तेथे असण्याचा संभव लक्षात ठेवावा. केवळ विषय ठाऊक असेल आणि पक्षकार माहीत नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने (न्यायालयांच्या संगणकीकरणाचे काम पाहणाऱ्या समितीने) उघडलेल्या निकाल-शोध संकेतस्थळावर शब्दांवरून शोध घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे अधिकृत निर्णयसंग्रह जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या नावाने विनामूल्य खुले झाले, ही फार मोठी सोय आहे. त्याआधी असे अधिकृत संग्रह चाळायचे म्हणजे बहुधा वकिलांचे ग्रंथालय किंवा महागडी वर्गणी यांचा आधार घ्यावा लागे. निवडक निकालांची मराठी भाषांतरेही उपलब्ध आहेत. ती समजून घेण्यासाठी अवश्य वाचावीत, परंतु प्रमाण मानला जातो तो इंग्रजी मजकूरच.

संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचण्यापुरती पुरेशी असते. अपील करण्यासाठी, तलाठी कार्यालयात नोंद धरण्यासाठी किंवा अन्य न्यायालयात पुरावा म्हणून देण्यासाठी मात्र प्रमाणित प्रत, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘नक्कल’, लागते. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा हक्क एखाद्याला आहे त्याची प्रमाणित प्रत शुल्क घेऊन देण्याचे बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ ने घातले आहे. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा. त्यात प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहावे. ‘निकालाची नक्कल’ एवढेच लिहिले तर निकालपत्र मिळेल, हुकूमनामा मिळणार नाही. दिवाणी दाव्यात दोन्ही स्वतंत्रपणे मागावेत. नक्कल हाती आली की आधी शेवटचे पान उलटून पाहावे. तेथे शिक्क्याखाली अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ नुसार नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो आणि तो याच तारखांवरून मोजतात. एखादी तारीख कोरी किंवा अस्पष्ट असेल तर खिडकी सोडण्यापूर्वीच ती दुरुस्त करून घ्यावी. फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०४ सांगते; आरोपीच्या कुटुंबीयांना हे पुष्कळदा माहीत नसते.

प्रकरणात पक्षकार नसलेल्या व्यक्तीलाही नक्कल मागता येते, परंतु अर्जात कारण नमूद करावे लागते आणि न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो. येथे अनेक जण माहिती अधिकाराचा अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले की, न्यायिक प्रकरणातील कागदांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, माहिती अधिकाराखाली नव्हे. हा निर्णय सामान्य माणसाला काहीसा जड जाणारा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण तो आहे तोवर चुकीच्या खिडकीवर महिना घालवण्यात अर्थ नाही. रिक्त पदे, इमारतीवरील खर्च, परिपत्रके असे प्रशासकीय कागद मात्र माहिती अधिकारात मागता येतात. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे. न्यायालयांचे याबाबत स्वतःचे नियम असल्याने शुल्क व नमुना आधी पाहून घ्यावा.

पोलिसांकडील प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. इतरांसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार खबर चोवीस तासांत, आणि अडचणीच्या ठिकाणी फार तर बहात्तर तासांत, पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवली जाते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार आणि दहशतवादाची प्रकरणे यांतून वगळलेली आहेत. दोषारोपपत्र तेथे शोधू नये, कारण ते सर्वांसाठी खुले करण्याची मागणी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अमान्य केली. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळावर विभाग, दिनांक किंवा संकेतांक टाकून सापडतात, आणि कायद्यांचा मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो.

खुलेपणाला मर्यादाही आहेत. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६६ च्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खटला खुल्या न्यायालयात चालणे हा सर्वसाधारण नियम मानला, पण न्यायासाठी आवश्यक असेल तेथे प्रसिद्धी रोखण्याचा न्यायालयाचा अधिकारही मान्य केला. म्हणून मिळालेला निकाल इतरांना पाठवण्यापूर्वी तो एकदा वाचावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मुळे, न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर, निकालाचा मूळ मजकूर कोणालाही प्रसिद्ध करता येतो. प्रकाशकाने स्वतः लिहिलेला सारांश व टिपणे उचलता येत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तेव्हा निकालात नावाऐवजी आद्याक्षरे वापरलेली असली तरी गाव, शाळा किंवा नातेवाईक यांच्या उल्लेखावरून ओळख पटत असेल, तर तो भाग झाकल्याशिवाय प्रत पुढे देऊ नये.